फेलोशिप, पीएचडी आणि प्राध्यापकी: ठाणे–नवी मुंबईतल्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

मी कळव्यात राहते. इतिहासात एमए, मग सेट, पाच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवणं, मग जेआरएफ, आणि आता नवी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक. माझा विषय ठाणे खाडीकाठची मिठागरं. या वाटेवर निघालेली मुलं कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने माझ्यापर्यंत येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फोनवर दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मी कला शाखेची, त्यामुळे विज्ञानाच्या मुलांनी प्रयोगशाळेतल्या गोष्टी आपापल्या सीनियरांना विचाराव्यात.

नेट, सेट, जेआरएफ, पेट… यातलं नेमकं काय कशासाठी?

नेट ही देशपातळीवरची परीक्षा. तिच्यामुळे देशात कुठेही सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते. जेआरएफ म्हणजे त्याच परीक्षेत वरच्या गुणांनी आलेल्यांना संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप. सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेटमध्ये पात्रता मिळते, पैसे नाहीत. पेट ही आपल्या मुंबई विद्यापीठाची पीएचडी प्रवेशपरीक्षा. नेट-सेट असलेल्यांना ती द्यावी लागत नाही, तरीही त्या त्या वर्षीची जाहिरात वाचाच.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन थर आहेत. सगळ्यात वर जेआरएफ, ज्यात प्राध्यापकीची पात्रता आणि पीएचडी प्रवेश दोन्ही येतात. मग प्राध्यापकी आणि पीएचडी प्रवेश. शेवटी फक्त पीएचडी प्रवेश. हा तिसरा निकाल हातात घेऊन "मला नेट मिळाली" म्हणत पेढे वाटलेले लोक मी पाहिले आहेत. त्या निकालावर प्राध्यापकाच्या पदाला अर्ज करता येत नाही, आणि प्रवेशासाठी तो एकच वर्ष चालतो. तेव्हा पेढ्यांआधी निकालाची ओळ नीट वाचा.

परीक्षा कशी असते? मराठीत देता येते का?

नेट आणि सेट दोन्हींत पहिला पेपर सर्वांना सारखा, ५० प्रश्न आणि १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. तीन तास. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेट वेगळी असते आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण जातात, हे लक्षात असू द्या.

नेटचा पहिला पेपर हिंदी किंवा इंग्रजीतच असतो. सेटचा मराठीतही असतो, आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्यांना त्याने खूप फरक पडतो. तर्काचे आणि आकडेवारीचे प्रश्न आपल्या भाषेत वाचले की निम्मी भीती तिथेच जाते. मी सेट आधी दिली ती याच कारणाने.

वय ३१ आहे. उशीर झाला का?

कशासाठी, त्यावर आहे. सहायक प्राध्यापक म्हणून पात्र ठरायला नेट-सेटला वयाची वरची अट नाही, चाळिशीतही द्या. जेआरएफसाठी मात्र परीक्षेच्या महिन्याच्या १ तारखेला वय ३० पेक्षा जास्त नको. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. मला ३३ व्या वर्षी मिळाली ती या सवलतीमुळेच. त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे अजून शिकायचंच आहे का?" मी म्हटलं, या वेळी शिकायचे पैसे मिळणार आहेत. मग त्यांना पटलं.

पत्रालाही मुदत असते. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) जेआरएफ पत्र तीन वर्षं चालतं. त्या अवधीत पीएचडीला नोंदणी करून रुजू झाला नाहीत तर ते पत्र नुसतं नेटचं प्रमाणपत्र उरतं. पत्र मिळाल्यावर "आता निवांत गाइड शोधू" म्हणणाऱ्यांची पहिली दोन वर्षं कशी जातात ते त्यांनाही कळत नाही.

जातीच्या दाखल्याचं काय? माझ्याकडे राज्याचा आहे.

इथे दरवर्षी कोणीतरी अडकतं. नेट केंद्राची परीक्षा, त्यामुळे ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जात हवी आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्यातल्या नोकरीसाठी राज्याच्या नमुन्यातला लागतो. म्हणजे दोन वेगळे कागद. मराठा उमेदवारांचं एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आरक्षण राज्यापुरतं आहे. नेटच्या अर्जात ते चालत नाही, तिथे खुला किंवा पात्र असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) हा प्रवर्ग. कुणबी दाखला असेल तर केंद्राच्या ओबीसी यादीत बसता. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. अर्जाच्या दिवशी तो चालू होता आणि मुलाखतीच्या दिवशी संपलेला, असं होऊ देऊ नका. सेतू केंद्रात रांग लावायचा महिना जूनआधीचा.

जेआरएफचे महिन्याला किती मिळतात?

जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. मग मूल्यमापन होऊन एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झालात की ४२,०००. एकूण काळ पाच वर्षं. त्यावर घरभाडं भत्ता शहराच्या वर्गानुसार. ठाणे आणि नवी मुंबई बृहन्मुंबई नागरी समूहात धरले जात असल्याने आपल्याला वरच्या वर्गाचा दर लागू होतो. वसतिगृहात राहत असाल तर भत्ता नाही. शिवाय पुस्तकं, प्रवास, झेरॉक्स यांसाठी वार्षिक आकस्मिक निधी: कला आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं १०,०००, पुढे २०,५००, तर विज्ञानाला १२,००० आणि मग २५,०००.

या फेलोशिपवर असताना दुसरीकडून पगार किंवा मानधन घेता येत नाही. शिकवणीचे वर्ग, तासिका सगळं बंद. मी तासिका सोडल्या तेव्हा शेवटच्या दिवशी मुलींनी फळ्यावर काहीतरी लिहून ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही.

पैसे दर महिन्याला येतात ना?

येतात, पण "दर महिन्याला" हा शब्द सैलपणे घ्या. तुम्ही हजर आहात आणि काम करता आहात याची संस्थेतून दर महिन्याला ऑनलाइन नोंद जावी लागते. एक माणूस नोंद भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा ती मंजूर करतो, तो चेकर. दोघांतला एक रजेवर गेला, निवडणुकीच्या कामावर गेला किंवा पासवर्ड विसरला की त्या महिन्याचं पाणी अडलं. माझे एकदा सात महिन्यांचे पैसे अडकले. कार्यालयाचं म्हणणं, नोंद वर गेली आहे. वरच्यांचं म्हणणं, आलीच नाही. शेवटी एका शुक्रवारी सगळे एकदम जमा झाले आणि घरात दिवाळी झाली. मधल्या सात महिन्यांत मात्र नवऱ्याच्या पगारावर आणि भिशीवर घर चाललं.

त्यावरून शिकले ते सांगते. पहिली फेलोशिप हातात येईपर्यंत निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. मेकर आणि चेकर या दोघांचीही नावं आणि टेबलं माहीत हवीत. त्यांच्याशी वैर नको. ती माणसं कामाखाली पिचलेली असतात, आणि तुमची नोंद त्यांच्या यादीत शेवटची असते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शांतपणे जाऊन "सर, माझं झालं का?" एवढंच विचारायचं.

नेट नाही मिळाली. दुसऱ्या फेलोशिप आहेत का?

आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप पीएचडीला नोंदणी झालेल्यांना मिळतात. पूर्वी नोंदणी असलेल्या बऱ्याच जणांना त्या मिळत. २०२३ मध्ये राज्याने समान धोरण आणून जागा प्रत्येकी २०० वर आणल्या आणि निवड परीक्षेवर गेली. त्याआधी आणि नंतरही आझाद मैदानात संशोधक उपोषणाला बसलेले साऱ्यांनी पाहिले आहेत. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात "पीएचडी करून काय दिवे लावणार" या अर्थाचं विधान झालं आणि ते आमच्या व्हॉट्सअॅप गटांत आजही फिरतं. कोणी प्रबंध सादर केला की गटात हटकून एक पणती येते.

एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तिला नेटची अट नाही, पण भाऊ-बहीण नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. एकाच काळात दोन फेलोशिप घेता येत नाहीत, त्यामुळे लहान मिळाली म्हणून मोठीचा अर्ज करायचं थांबवू नका. मोठी आली की लहान सोडायची, लेखी.

गाइड कसा मिळवायचा?

सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, आणि याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. नियमाने एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या मार्गदर्शकांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्यांचं नाव मोठं त्यांच्याकडे जागा नाही, आणि जागा आहे त्यांचा विषय तुमचा नाही. ही रडकथा सगळीकडे सारखीच.

"सर, जागा आहे का?" एवढाच मेसेज पाठवू नका. मला स्वतःला आता असे मेसेज येतात आणि उत्तर द्यावंसं वाटत नाही. आधी शोधगंगावर त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. निदान दोघांचे निष्कर्ष वाचा, त्यात काय राहून गेलं आहे ते बघा आणि मग एका पानाचं टिपण घेऊन भेटायला जा. मी तीन जणांकडे जाऊन परत आले. चौथ्या मॅडमनी टिपण वाचलं आणि म्हणाल्या, "मिठागरं ठीक, पण मिठावरचा कर कुठे आहे यात?" तिथेच माझा विषय ठरला.

गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली ते विचारा. चहाच्या टपरीवर विचारा, केबिनमध्ये नको. मार्गदर्शक विद्वान आहेत का, याच्याइतकंच ते प्रकरणं वाचून परत देतात का, हेही महत्त्वाचं. खरं सांगायचं तर दुसरं जास्त महत्त्वाचं.

कलिनाला रोज जावं लागेल का? इथे जवळपास काही नाही का?

मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे, पण संशोधनाच्या कागदपत्रांसाठी बहुतेक वेळा विद्यापीठाचं कलिना संकुलच गाठावं लागतं. ठाण्याहून असो की वाशीहून, कुर्ल्याला उतरायचं आणि मग बस किंवा रिक्षा. मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असलेली महाविद्यालयं ठाणे-नवी मुंबईतही आहेत. तिथे जागा मिळाली तर रोजचा प्रवास वाचतो.

विज्ञानवाल्यांनो, तुमच्या दारात खजिना आहे. खारघरला टाटा स्मारकचं अॅक्ट्रेक, जिथे कर्करोगावरचं मूलभूत संशोधन चालतं आणि पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था. खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जिथे विज्ञान-गणित कसं शिकवावं यावरच पीएचडी करता येते. या संस्था आपापल्या जाहिराती काढतात, विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. मला भेटणाऱ्या विज्ञानाच्या मुलांपैकी निम्म्यांना पनवेलच्या संस्थेचं नावही ठाऊक नसतं. गाडी तिच्या जवळून रोज जाते.

नेरूळ, कामोठे, पनवेल भागात अभिमत आणि खासगी विद्यापीठंही आहेत. तिथे प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: वार्षिक शुल्क किती, आणि फेलोशिप संस्था देणार की तुम्हीच आणायची. कला शाखेच्या मुलांना ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय विसरून चालणार नाही. १८९३ पासूनचं आहे. माझं पहिलं प्रकरण तिथल्या टेबलावर झालं.

पीएचडीला किती वर्षं लागतात?

२०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, आणि विद्यापीठाने मुदत वाढवली तर आणखी दोन. स्त्रिया आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीतले अभ्यासवर्ग, निदान १२ क्रेडिटचं. एमफिल बंद झालं आहे, तेव्हा "आधी एमफिल करू का?" हा प्रश्न आता उरलेला नाही.

नोकरी करता करता जमेल का?

अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. फेलोशिप नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करून रात्री प्रकरणं लिहिणारी एक मैत्रीण आहे माझी. तिचं चौथं वर्ष चालू आहे आणि ती माझ्यापेक्षा नियमित लिहिते.

तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवायला घेऊ का?

याचं उत्तर मी सरळ "हो" किंवा "नाही" देत नाही. आधी हिशेब करा.

सीएचबीत तासाचे पैसे मिळतात. जितके तास घेतले तितकेच. सुट्टी, परीक्षा, महाविद्यालयाचा महोत्सव, पावसाने बंद पडलेली लोकल, यातलं काहीही झालं तर तास नाही, म्हणून पैसे नाहीत. २०१८ च्या शेवटी दर वाढून पदवीच्या तासाला ५०० रुपये झाले तेव्हा आम्ही खूश झालो होतो. आठवड्याला नऊ तास धरले तर कागदावर महिन्याचे १८,००० होतात. माझ्या हाती सरासरी बारा आले असतील, तेही सत्र संपल्यावर एकदम. एप्रिल-मे कोरडे. त्यानंतर दर वाढले आहेत, पण तऱ्हा तीच.

म्हणून माणसं दोन-तीन ठिकाणी धरतात. सकाळी ठाण्याला सातचा वर्ग, तिथून ट्रान्सहार्बरने कोपरखैरणे, दुपारी परत. ठाणे–वाशी गाडीत डब्यातला पोळीभाजीचा रोल खात पेपर तपासणारी माणसं दिसली तर ती बहुधा आमची जमात.

तरीही मी पाच वर्षं केलं, आणि त्याचा फायदा झाला. शिकवणं मी तिथेच शिकले. एमए करताना जे समजलं असं वाटायचं, ते एफवायच्या साठ मुलांसमोर उभं राहिल्यावर कळलं की समजलंच नव्हतं. अनुभवाचे गुणही मिळतात. पण गुण मिळण्यासाठी कागद लागतो. नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि सत्र संपल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र, तिन्ही दरवर्षी घ्या. एका महाविद्यालयात मी दोन वर्षं शिकवलं आणि "नंतर घेऊ" म्हणत राहिले. पुढे तिथले जुने लिपिक निवृत्त झाले, नवीन आलेल्यांना माझी फाइल सापडेना. त्या दोन वर्षांचे गुण गेले ते गेलेच. आणखी एक: छाननीत हा अनुभव उपयोगी पडतो, पण पुढे कायम झाल्यावर पदोन्नतीसाठी तो धरला जाईल अशी आशा ठेवू नका. तिथे मागची नोकरी नियमित वेतनाच्या तोडीची असावी लागते.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं, फार तर तीन. त्या काळात नेट-सेट आणि पीएचडीची नोंदणी पुढे सरकत असेल तर चालू ठेवा. नुसत्या तासिका आणि "यंदा जागा निघणार आहे म्हणे" यावर पाचवं वर्ष लागलं असेल तर थांबा. मी तिसऱ्या वर्षी थांबायला हवं होतं.

कायम पदाची जाहिरात कशी वाचायची?

खालून वर. आधी तळटीप, मग अट, शेवटी पद.

"अनुदानित" लिहिलं आहे का ते पाहा. तिथे पगार शासनाकडून येतो. "विनाअनुदानित" किंवा "स्वयंअर्थसहाय्यित" असेल तर पगार संस्था देते आणि तो वेतनश्रेणीप्रमाणे असेलच असं नाही. मग पद कोणत्या प्रवर्गाचं ते बघा. अनुदानित जागेमागे मोठी साखळी असते: कार्यभार निश्चिती, बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, त्या यादीची) मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, शासनाचं ना हरकत, मग जाहिरात, निवड समिती, आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. यातली एक कडी अडली की वर्ष जातं. "जागा रिकामी आहे, मग भरत का नाहीत?" याचं उत्तर बहुतेक वेळा या साखळीत कुठेतरी असतं.

कागद दोन प्रतींत लावून ठेवा, गुणपत्रिका दहावीपासून. नावात फरक असेल, लग्नानंतरचं आणि आधीचं, तर राजपत्राची प्रत सोबत हवी. मुलींनो, हे आजच करा.

मुलाखतीला बोलावताना गुण कसे धरतात?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत छाननीसाठी दोन वेगळे तक्ते आहेत, एक विद्यापीठाच्या विभागांसाठी, एक महाविद्यालयांसाठी. त्यांतला फरक फार कमी लोक पाहतात. विद्यापीठात पीएचडीला ३० गुण, महाविद्यालयात २५. जेआरएफसह नेटला विद्यापीठात ७, महाविद्यालयात १०. नुसत्या नेटला ५ आणि ८. सेटला ३ आणि ५. एमएच्या गुणांना दोन्ही तक्त्यांत सारखंच वजन आहे: ८० टक्क्यांवर असाल तर २५, साठ ते ऐंशीमध्ये २३, पंचावन्न ते साठमध्ये २०. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. शोधनिबंधांना विद्यापीठात १०, महाविद्यालयात ६.

आता स्वतःचा हिशेब मांडा. एमएला ५८ टक्के असतील तर आज त्याला इलाज नाही. जेआरएफ आणि पीएचडी हातात आहेत, तिकडे लक्ष द्या. अनुभवाची पाच वर्षं झाली की सहाव्या वर्षाला शून्य गुण. तासिकांबद्दल वर जे म्हटलं त्याला हेही एक कारण. या नियमावलीनुसार हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात. निवड मुलाखतीतून.

पीएचडी नसेल तर अर्जच करू नये का?

करा. विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची होणार होती, ती तारीख आधी पुढे ढकलली आणि १ जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली. पण वरचा तक्ता पाहा. सक्ती नाही म्हणजे गरज नाही असं नव्हे. माझी निवड पीएचडीशिवाय झाली, कारण त्या दिवशी माझ्या पुढच्या दोघी आल्याच नाहीत. अशा नशिबावर बेत आखू नका.

बीएड लागतं का?

वरिष्ठ महाविद्यालयाला नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर लागतं.

शोधनिबंध कुठे छापायचे? एकजण १,५०० रुपयांत आठवड्यात छापून देतो म्हणतो.

त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे ठरवणं विद्यापीठांवर आणि तुमच्यावर आलं आहे. त्यामुळे असल्या दुकानांचा धंदा वाढला. तुमच्या गाइडने आणि विषयातल्या चार लोकांनी ज्या नियतकालिकातले लेख प्रबंधात वापरले आहेत, तेच बघा. मुलाखतीत एका बाहेरच्या तज्ज्ञांनी माझा निबंध हातात धरून विचारलं, "तिसऱ्या पानावरचा हा आकडा कुठून आला?" पुराभिलेखागारातली फाइल आठवत होती म्हणून निभावलं. पैसे देऊन छापलेल्या निबंधाचा लेखक अशा वेळी काय सांगणार?

पीएचडीच्या आत्ताच्या केंद्रीय नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती नाही. विद्यापीठाची वेगळी अट असू शकते, ती पाहा. मजकुराचं साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० च्या पुढे गेलं तर वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६० च्या पुढे नोंदणीच रद्द.

पगार किती असतो?

सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई आणि घरभाडं भत्ता. पीएचडी असेल तर पहिली पदोन्नती चार वर्षांनी, नुसती नेट-सेट असेल तर सहा. सहयोगी प्राध्यापकाचं मूळ वेतन १,३१,४०० पासून. हे आकडे ऐकून लग्नाच्या बाजारात आमचा भाव वाढतो, पण तो कायम झालेल्यांचा. तासिकावाल्यांना अजूनही "सध्या काय करतोस?" असंच विचारतात.

मुलाखतीआधी संस्थेच्या माणसाने "संस्थेला काही मदत" असं सुचवलं. काय करू?

मलाही एका ठिकाणी असं सुचवलं होतं. मी हसून "बघते" म्हटलं आणि खाली उतरून वडापाव खाल्ला. तिथे माझी निवड झाली नाही. त्या संस्थेत लागलेल्या एकाला नंतर दर वर्षी काही ना काही "मदत" करावी लागते आहे, असं त्यानेच सांगितलं. घरचं सोनं मोडून जागा घेऊ नका. एवढंच मी सांगू शकते. बाकी तुमची परिस्थिती तुम्हाला ठाऊक.

फेलोशिप चालू असताना नोकरी लागली तर घेतलेले पैसे परत करावे लागतात का?

आधीच्या महिन्यांचे नाही. रुजू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंतची फेलोशिप तुमची, त्यापुढची नाही. म्हणून नेमणूकपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात गाइडच्या सहीने फेलोशिप सोडत असल्याचं पत्र द्या आणि पोच घ्या. पीएचडी नव्या महाविद्यालयाच्या ना हरकतीवर अर्धवेळ चालू ठेवता येते. मी तसंच केलं, प्रबंध नोकरी लागल्यावर दिला. माझी रुजू तारीख १६ होती, आणि मेकरने सवयीने पूर्ण महिन्याची नोंद भरून टाकली. त्या पंधरवड्याचे पैसे परत भरायला तीन चकरा झाल्या, कारण पैसे परत घ्यायचे कसे हे खिडकीवर कोणालाच आठवेना. पावती लॅमिनेट करून ठेवली आहे.